दादा, साईडचा लाईट नको

मागच्या डिसेंबरातली गोष्ट आहे. रेशीमबागेकडे एका मैदानावर ऑर्केस्ट्रा होता आणि लाईट माझ्याकडे. लाईट हा काही माझा धंदा नाही, पोटाची नोकरी वेगळी आहे, पण राज्य नाट्य स्पर्धा म्हणा, गणपती म्हणा, कुणाच्या कॉलेजचं गॅदरिंग म्हणा, कुठे पडदा लागला की मी डिमर, म्हणजे लाईट कमी-जास्त करायचा डबा, घेऊन विंगेत उभा, असं वीसेक वर्षं चालू आहे. त्या दिवशी मेन गायिका होती एक तेवीस-चोवीसची पोरगी, आपल्या नागपूरचीच, टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत बऱ्यापैकी पुढे जाऊन आलेली, त्यामुळे सुपारीही मोठी. साउंड चेक सुरू होता आणि ती स्टेजवरून उतरून सरळ माझ्याकडे आली.

"दादा, साईडचा लाईट नको ना. समोरूनच राहू द्या. साईडनं हनुवटीखाली दिसून राहिलं."

मी पाहिलं. काहीच नव्हतं. चांगली शिडशिडीत पोरगी, उलट गालफडं बसलेली, ब्लाउज पाठीमागून तीन सेफ्टीपिना लावून आवळलेला कारण मागच्या महिन्यात शिवलेला आता ढिला होत होता. मी म्हटलं बरं, समोरून देतो. कार्यक्रम झाला, पोरगी काय गायली बाप्पा, शेवटी लोक खुर्च्यांवर उभे होते. मग सेल्फीची लाईन लागली आणि तिथे मला गंमत दिसली. ती प्रत्येकाचा फोन स्वतःच्या हातात घ्यायची, हात वर ताणून वरूनच फोटो काढायची आणि फोन परत देण्याआधी एक सेकंद फक्त स्वतःचं तोंड पाहायची, शेजारचा माणूस फोटोत आला की नाही त्याच्याशी तिला घेणंदेणं नव्हतं. तेवढ्यात एक मावशी प्रेमानंच बोलून गेल्या, "अवो बाई, टीव्हीत त किती बारीक दिसत होती तू!" झालं. ग्रीनरूममध्ये पोरगी पदर घेऊन गप्प बसलेली. एवढ्या मोठ्या मैदानाच्या टाळ्या एकीकडे आणि ते एक वाक्य एकीकडे, आणि वाक्यानं पारडं खाली नेलं.

आपण सगळे काय समजतो, की नाव झालं की माणूस फुगतो. डोक्यात हवा जाते म्हणतो ना आपण. जातेही काहींच्या, नाही कोण म्हणतं. पण विंगेतून जे दिसतं ते बरेचदा याच्या उलटं असतं, जेवढं नाव मोठं तेवढा तो माणूस स्वतःबद्दल जास्त घाबरलेला. हे असं का होतं ते मला बरेच दिवस कळत नव्हतं, मग जमेल तसं वाचत गेलो, मानसशास्त्र शिकवणाऱ्या एका मित्राचं डोकं खाल्लं, आणि जे समजलं ते माझ्या भाषेत सांगतो.

पहिली गोष्ट, आत्मसन्मान म्हणजे सेल्फ-एस्टीम, हा काही बँकेतल्या एफडीसारखा आत ठेवलेला नसतो. १९०२ साली चार्ल्स कूली नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं एक साधी गोष्ट लिहून ठेवली, की आपण स्वतःला थेट पाहूच शकत नाही, समोरच्याला आपण कसे दिसत असू याचा अंदाज बांधतो, तो आपल्याबद्दल काय म्हणत असेल याचा अंदाज बांधतो, आणि त्या अंदाजावरून आपल्याला स्वतःचा अभिमान वाटतो किंवा लाज वाटते. म्हणजे लोक हा आपला आरसा. आता तुमचे-माझे आरसे किती? आई, बायको, दोन भाऊ, ऑफिसमधले दहा जण, शेजारचे काका. आणि हे आरसे जुने आहेत, त्यांनी आपल्याला नाक वाहताना पाहिलेलं आहे, पोट सुटताना पाहिलेलं आहे, त्यांच्या लेखी आपण एका फोटोपुरते नसतो. त्या पोरीचे आरसे लाखात आहेत. त्यातल्या एकालाही ती माहीत नाही. प्रत्येकानं तिचा तीन मिनिटांचा तुकडा पाहिलाय, तोही मेकअप, लाईट आणि एडिटिंगमधून गेलेला.

बरं, आरसे लाखात असले आणि त्यातले बहुतेक छानच म्हणत असले तरी चालत नाही, कारण माणसाच्या मेंदूची बनावटच अशी आहे की वाईट गोष्ट चांगल्यापेक्षा जास्त जोरात लागते. रॉय बॉमायस्टर आणि त्यांच्या सोबत्यांनी २००१ मध्ये अशा ढीगभर अभ्यासांचा आढावा घेऊन हेच सांगितलं. त्यात आश्चर्य काही नाही, जंगलात राहणाऱ्या माणसाला दहा गोड फळं विसरून चालत होतं, एक साप विसरून चालत नव्हतं. तोच मेंदू घेऊन आपण कमेंट वाचत बसलोय. नव्याण्णव बदाम आणि एक "मोटी हो गई", रात्री झोपताना काय आठवेल सांगा.

आता टाळ्यांचं. जेनिफर क्रॉकर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी साधारण २००१ पासून एक मुद्दा नीट मांडला, की आत्मसन्मान किती आहे यापेक्षा तो कशावर टेकलेला आहे हे जास्त महत्त्वाचं. कुणाचा घरच्या मायेवर टेकलेला असतो, कुणाचा देवधर्मावर, कुणाचा मार्कांवर, दिसण्यावर, लोकांच्या शाबासकीवर. दिसणं आणि शाबासकी, या दोन टेकूंची अडचण अशी की ते रोज नव्यानं कमवावे लागतात. मी याला टाळ्यांची रोजंदारी म्हणतो. नोकरदाराला महिन्याचा पगार असतो, एखादा दिवस आडवा पडला तरी पगार पडतो. कलाकाराला नाईट मिळते, प्रयोग झाला तर पाकीट, नाही झाला तर नाही, हे पैशाचं झालं, पण मनाचंही तसंच होऊन बसतं. काल सुरेश भट सभागृह हाउसफुल्ल होतं म्हणून काल मी भारी, आज वर्धमाननगरात अर्ध्या खुर्च्या रिकाम्या म्हणून आज मी कचरा. पोरगी तीच, गळा तोच.

डोना रॉकवेल आणि डेव्हिड जाइल्स या दोघांनी अमेरिकेतल्या १५ नामवंतांशी सविस्तर बोलून २००९ मध्ये एक अभ्यास छापला, त्यात नाव झाल्यावर माणूस कुठल्या टप्प्यांतून जातो ते आहे. आधी प्रेमही आणि चीडही, मग चक्क व्यसन, मग हे असंच राहणार म्हणून स्वीकार, मग त्यात जगण्याची सवय. व्यसन हा शब्द उगाच नाही. प्रयोग संपल्यावर रात्री दीड वाजता मेकअप पुसून जी शांतता येते ना, ती मी पाहिलेली आहे. समोर हजार माणसं ओरडत होती आणि आता एकटा माणूस खोबरेल तेल लावून तोंड पुसतोय. तेव्हा त्याच्याशी कुणी बोलायला पाहिजे आणि तेव्हाच सगळे खुर्च्या गोळा करायला गेलेले असतात.

आणि टाळ्या नेमक्या कुणाला मिळतात, ही तर आणखीच बारीक भानगड. आपल्याकडे याचं सगळ्यात मोठं उदाहरण बालगंधर्व. नारायणराव राजहंस, पुरुष माणूस, आणि स्त्रीभूमिकेत असे दिसायचे की घरंदाज बायका त्यांच्याकडे पाहून लुगडं कसं नेसावं, गजरा कसा माळावा हे शिकायच्या. १९३५ मध्ये प्रभातच्या बोलपटात ते संत एकनाथ झाले, पुरुषवेषात, स्वतःच्या अंगाच्या जवळचं काहीतरी. लोकांना ते पचलं नाही, त्यांना ती शालू नेसलेली मूर्तीच पाहिजे होती. पुढे वय झालं, अंग सुटलं, चेहरा उतरला, तरी ते स्त्रीपार्ट करत राहिले. कर्ज वगैरे कारणं होतीच, पण विचार करा, साऱ्या महाराष्ट्रानं ज्या रूपावर जीव टाकला ते रूप तुमचं नाहीच आहे, तुम्ही रोज संध्याकाळी ते अंगावर चढवता आणि दरवर्षी ते चढवणं अवघड होत जातंय. टाळ्या रूपाला जातात आणि माणूस मागे उपाशी राहतो, ते हे. म्हणून कुणी कौतुक केलं तरी कलाकाराच्या मनात येतं, याला खरी मी माहीत असती तर हा असं बोलला असता का? कौतुक आत उतरतच नाही, टीका मात्र थेट उतरते, कारण टीका अंगावर असते आणि अंग खरंच आपलं असतं.

इथे शरीराचा मुद्दा येतो. तबलजीचं वाद्य तबला, कार्यक्रम झाला की खोळ घालून तो गादीवर ठेवून देतो. नटाचं, नर्तकीचं, आता तर गायिकेचंही वाद्य म्हणजे तिचं शरीर, आणि त्याला खोळ नाही. बाजारात पोह्याच्या ठेल्यावर तर्री मारून घेतानाही ते वाद्य लोकांसमोरच असतं आणि कुणीतरी मोबाईल काढतंच.

१९९७ मध्ये बार्बरा फ्रेडरिक्सन आणि टोमी-अ‍ॅन रॉबर्ट्स यांनी एक गोष्ट मांडली, की ज्या माणसाकडे सतत शरीर म्हणून पाहिलं जातं तो हळूहळू स्वतःकडेही बाहेरूनच पाहायला लागतो. मला कसं वाटतंय हे मागे पडतं, मी कशी दिसतेय हे पुढे येतं. पुढच्याच वर्षी त्यांनी एक प्रयोग छापला. कॉलेजच्या पोरींना एकेकटीला खोलीत पाठवलं, काहींना घालायला स्वेटर दिला, काहींना पोहण्याचा ड्रेस, समोर आरसा, आणि मग गणितं सोडवायला दिली. खोलीत दुसरं कुणी नाही, बरं का. तरी पोहण्याचा ड्रेस घातलेल्यांची गणितं जास्त चुकली. पोरांच्या बाबतीत तसं झालं नाही. म्हणजे स्वतःच्या अंगावर पहारा देणं हे सुद्धा डोक्याला काम आहे आणि ते डोकं खातं. हे वाचलं तेव्हा मला कितीतरी तालमी आठवल्या, वाक्य विसरणाऱ्या पोरी आठवल्या, ज्यांना दिग्दर्शक ओरडायचा की लक्ष कुठे आहे तुझं. लक्ष पोटावर होतं साहेब, पोट आत ओढून उभी होती ती, आणि पोट आत ओढून श्वास घेता येत नाही, श्वास नाही तर आवाज नाही, आणि मग तुम्ही म्हणता आवाज पोचत नाही.

आता माझ्या खात्यातलं सांगतो, कारण निम्मी भानगड आम्ही लाईटवाले आणि कॅमेरावालेच करतो. समोरून सपाट लाईट टाकला की चेहऱ्यावरच्या सगळ्या सावल्या मरतात, सुरकुती नाही, खड्डा नाही, चेहरा कागदासारखा. साईडनं टाकला की नाक, गाल, हाडं उठून दिसतात, माणूस माणसासारखा दिसतो पण कुठे काही जास्तीचं असेल तर तेही दिसतं. वरून टाकला तर चांगल्या चांगल्या हिरोच्या डोळ्याखाली काळे खड्डे पडतात. म्हणजे एकाच तोंडाचे मी पाच मिनिटांत पाच माणसं करू शकतो. त्यातलं खरं तोंड कुठलं, हे मला वीस वर्षांत ठरवता आलेलं नाही.

फोनचं तर विचारूच नका. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी हिशोब करून दाखवला की बारा इंचावरून सेल्फी काढली तर नाक पाच फुटांवरून दिसतं त्यापेक्षा जवळपास ३० टक्के रुंद दिसतं. कॅमेरा बिघडलेला नाही, जवळची वस्तू मोठी दिसते एवढंच, आणि चेहऱ्यात लेन्सच्या सगळ्यात जवळ नाकच असतं. त्यांनी हे यासाठी केलं की लोक सेल्फी दाखवून नाक बारीक करून मागायला यायला लागले होते. आणखी एक जुना प्रयोग आहे १९७७ चा, त्यात माणसाला त्याचेच दोन फोटो दाखवले, एक सरळ, एक आरशातल्यासारखा उलटा. स्वतःला उलटा आवडला, मित्रांना सरळ. कारण साधं आहे, आपण जन्मभर स्वतःला आरशात पाहिलं, ज्याची सवय ते बरं वाटतं. म्हणून फोटोत आपण आपल्यालाच थोडे वाकडे वाटतो. ज्याचे दिवसाला पन्नास फोटो निघतात त्याला दिवसातून पन्नास वेळा आपण वाकडे वाटतो, एवढाच फरक.

आणि रंग. आमच्याकडे बेस लावताना अजूनही एक-दोन शेड उजळ लावतात आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. विदर्भातल्या उन्हात वाढलेली सावळी पोरगी, तिला हिरॉईनचा रोल दिला की आधी तिला पुसून टाकायचं आणि मग रंगवायचं. मानेला बेस लावायचा राहिला की दोन रंगांची पोरगी स्टेजवर. १९७५ पासून विकल्या जाणाऱ्या फेअर अँड लव्हलीचं नाव २०२० मध्ये ग्लो अँड लव्हली झालं, पण ग्रीनरूममधल्या डब्या काही बदललेल्या दिसत नाहीत.

आता भुकेबद्दल, कारण लोक सगळ्यात जास्त इथेच चुकतात. त्या गायिकेनं दिवसभरात काय खाल्लं होतं ते मी पाहिलं, काकडी आणि काळी कॉफी. आणि कार्यक्रम झाल्यावर तिच्या मैत्रिणीनं हळूच सांगितलं की कधीकधी रात्री एकटीच बसून अर्धा किलो संत्रा बर्फी संपवते आणि मग बाथरूममध्ये जाते. आपण म्हणणार, कंट्रोल नाही. खरी गोष्ट अशी आहे की १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञानं ३६ धडधाकट तरुणांना, तेही स्वतःहून तयार झालेल्यांना, सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं, युद्धानंतर उपाशी लोकांना कसं खाऊ घालायचं ते कळावं म्हणून. त्या पोरांचं काय झालं? दिवसरात्र जेवणाचेच विचार, पाककृतीची पुस्तकं जमवायला लागले, चिडचिडे झाले, एकटे राहायला लागले, आणि नंतर खायला मिळालं तेव्हा कित्येकांचं पोट भरतच नव्हतं. यातल्या कुणाला नटबीट व्हायचं नव्हतं. म्हणजे आधी उपास आणि मग तुटून पडणं, हे चारित्र्याचं काम नाही, उपाशी मेंदूचं काम आहे. मग लाज वाटते, मग उलटी, मग दुसऱ्या दिवशी आणखी कडक उपास. या चक्राला बुलिमिया म्हणतात. यात वजन बरेचदा नॉर्मलच राहतं म्हणून घरच्यांना पत्ता लागत नाही, पण पोटातल्या आम्लानं दात झिजतात, गाल सुजल्यासारखे दिसतात आणि रक्तातलं पोटॅशियम उतरलं तर हृदयाचे ठोके चुकतात. गाल सुजले की पोरीला वाटतं मी जाड झाले. पाहा कसं अडकतं ते.

दुसरा आजार अनोरेक्सिया, त्यात खाणंच बंद होत जातं आणि हाडं दिसायला लागली तरी आरशात जाड माणूस दिसतो. अमेरिकन गायिका कॅरन कार्पेंटर ४ फेब्रुवारी १९८३ ला वयाच्या ३२ व्या वर्षी याच आजारानं हृदय थकून गेली, तोवर बाहेरच्या जगाला हा शब्दही फारसा माहीत नव्हता. २००६ मध्ये उरुग्वेची एक मॉडेल गेली, तेव्हा कुठे माद्रिदच्या फॅशन शोनं ठरावीक बीएमआयच्या, म्हणजे उंचीच्या हिशोबानं वजनाच्या मापाच्या, खालच्या मुलींना रॅम्पवर घ्यायचं बंद केलं. फ्रान्सनं २०१७ मध्ये नियम केला की मॉडेलला डॉक्टरचं सर्टिफिकेट पाहिजे आणि जाहिरातीत शरीर एडिट केलं असेल तर तसं छापा. आपल्याकडे काय, "थोडं वजन कमी कर, मग पाहू" असं सांगून विषय संपतो. हे वाक्य मी एका सिलेक्शनच्या वेळी माझ्या कानांनी ऐकलंय, बोलणारा स्वतः खुर्चीत मावत नव्हता.

पोरांचं यात काही नाही असं समजू नका. हॅरिसन पोप आणि सोबत्यांनी १९९७ मध्ये पुरुषांमधल्या एका त्रासाचं वर्णन केलं, अंग दगडासारखं पिळदार असूनही आपण काडीपैलवान आहोत असं वाटत राहणं. आपल्या गल्लोगल्लीच्या जिमात असे दोन-चार पोट्टे असतातच, उकडत असताना फुल बाह्यांचा टी-शर्ट घालून फिरणारे. आणि सिनेमात जो उघड्या अंगाचा शॉट दिसतो तो बरेचदा पाणी-मीठ तोडून, शॉटच्या आधी डंबेल मारून, तेल लावून, साईड लाईटमध्ये काढलेला असतो. पाहा, तिथे साईड लाईटच पाहिजे, कारण सावलीशिवाय पॅक दिसत नाहीत. तो नट स्वतः दुसऱ्या दिवशी सकाळी तसा दिसत नसतो, आणि त्याला स्वतःलाच ते सहन होत नाही, कारण पोस्टर आता शंकरनगर चौकात लागलंय आणि त्याला त्या पोस्टरशी स्पर्धा करायचीये.

जाड असण्याचीही एक कैद असते, ते कुणी बोलत नाही. उमादेवी नावाची गायिका १९४७ साली गाण्यानं गाजली होती, पुढे ती विनोदी भूमिकांकडे वळली आणि टुणटुण झाली. तिचं नाव शाळेतल्या प्रत्येक गुबगुबीत पोरीला चिकटलं, माझ्या बहिणीलाही चिकटलं होतं. विनोदी नटाचं पोट हे त्याचं काँट्रॅक्ट असतं, डॉक्टरनं वजन उतरव म्हटलं तर त्याला आधी पोट भरायचं कसं हा प्रश्न पडतो.

उलट एक उदाहरण ललिता पवारांचं. मूळच्या येवल्याच्या, हिरॉईन होत्या. १९४२ च्या सुमारास शूटिंगमध्ये सहकलाकाराची थोबाडीत इतकी जोरात बसली की चेहऱ्याला लकवा मारला, उपचारात तीनेक वर्षं गेली आणि डावा डोळा कायमचा बारीक राहिला. हिरॉईनपण संपलं. मग त्यांनी चरित्र भूमिका घेतल्या आणि त्याच डोळ्यानं हिंदुस्थानातल्या सुनांना घाबरवलं, टीव्हीवरची मंथराही त्याच. त्या खचल्या नाहीत असं मी म्हणणार नाही, ती तीन वर्षं कशी गेली त्यांनाच माहीत. पण त्यांच्या हातात दिसण्याशिवाय दुसरं काही होतं, म्हणून दुसरा डाव मांडता आला. आपल्या झाडीपट्टीत हे अजून दिसतं. वडसा, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा पट्ट्यात दिवाळीनंतर रात्र-रात्र नाटकं चालतात, आणि परशुराम खुणे, ज्यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांच्या नावावर ८०० च्या वर भूमिका आणि ५००० च्या वर प्रयोग आहेत. आठशे भूमिका म्हटलं की माणसाचा एकच एक फोटो लोकांच्या मनात बसत नाही. अर्थात झाडीपट्टीच्या हिरॉईनींना विचाराल तर त्या वेगळं सांगतील, त्यांना गावातले लोक काय-काय बोलतात ते मी एकदा शेकोटीपाशी ऐकलंय आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही.

कुणाला वाटेल हे फक्त कलाकारांचं आहे. फिजी बेटांच्या एका भागात १९९५ मध्ये टीव्ही आला, आणि तिथे गुबगुबीत असणं चांगलं समजत होते. अ‍ॅन बेकर या संशोधक बाईंनी शाळकरी पोरींना विचारलं, वजनासाठी उलटी करणारी तेव्हा एकही नव्हती, १९९८ मध्ये शंभरात अकरा निघाल्या. पोरी थोड्याच होत्या त्या अभ्यासात, पण शून्यावरून अकरा. आता टीव्ही प्रत्येकाच्या खिशात आहे आणि दोन्ही बाजूंनी चालतो. लग्नाच्या आधी फुटाळ्यावर प्री-वेडिंग शूटला आलेली नवरी पाहा, फोटोग्राफर म्हणतो हनुवटी वर, पोट आत, श्वास रोखा. तिचा ऑर्केस्ट्रा त्या दिवशी सुरू होतो.

उपाय विचाराल तर मी काही डॉक्टर नाही. वाचून आणि विंगेतून जे दिसलं ते एवढंच, की ज्यांचे धंद्याबाहेरचे आरसे शाबूत आहेत ते टिकतात. घरी गेल्यावर ज्याला कुणी भाजी आणायला पाठवतं, तो टिकतो. आणि दिसण्यावर बोलणं, चांगलं सुद्धा, जरा कमी केलं तर बरं. "बारीक झालीस, मस्त दिसतेस" हे आपण प्रेमानं म्हणतो, पण जी पोरगी उलट्या करून बारीक झाली तिला त्याचा अर्थ लागतो की चालू ठेव. खाणं-उलटी-उपास असं काही दिसलं तर डाएटवाल्याकडे नाही, आधी मानसोपचाराच्या डॉक्टरकडे न्यावं, आणि कुठे जायचं कळत नसेल तर टेलिमानस म्हणून सरकारी हेल्पलाईन आहे, १४४१६, फुकट, मराठीतही बोलतात. दीपिका पदुकोणनं २०१५ मध्ये आपल्या डिप्रेशनबद्दल उघड सांगितलं तेव्हापासून निदान ग्रीनरूममध्ये लोक या डॉक्टरचं नाव जरा मोठ्यानं घेतात.

ती गायिका मला परत भेटली, फेब्रुवारीत, दुसऱ्या एका कार्यक्रमाला. मैत्रिणीनं मागे लागून तिला डॉक्टरकडे नेलं होतं, एवढं कळलं, पुढचं मी विचारलं नाही. आल्या आल्या तेच, दादा साईड नको. या वेळी मी म्हटलं, एक काम कर, तू खाली दहाव्या रांगेत जाऊन बस, मी तुझ्या जागी उभा राहतो. मला तो एक प्रयोग आठवत होता २००० सालचा, पोरांना एका गायकाचं तोंड छापलेला लाजिरवाणा टी-शर्ट घालून लोकांत पाठवलं, त्यांना वाटलं निम्म्या लोकांनी पाहिला, प्रत्यक्षात चौघांतल्या एकाच्या आसपास लोकांच्या लक्षात आला. तर ती जाऊन बसली, मी माईकपाशी उभा राहिलो आणि पोट्ट्याला सांगितलं की दोन्ही साईड फुल दे.

"काय दिसून राहिलं?" मी ओरडलो.

"काही नाही दादा. तुमी दिसून राहिले."

"हनुवटी?"

"नाही जी, एकच दिसते."

माझ्या खरं म्हणजे दोन आहेत, बायकोला विचारा. ती हसली, खूप दिवसांनी मोकळी हसली असं मला वाटलं, मग स्टेजवर आली, माईक हातात घेतला, एक आलाप घेतला, आणि माईकवर हात ठेवून हळूच म्हणाली, "तरी पण दादा, थोडा कमीच ठेवा."

मी साईड चाळीसवर आणला. तिनं मान हलवली. तीसवर गाणं सुरू झालं.